द्राक्षारिष्टाची बाटली

मी नाशिककडची, म्हणून मला वाइनमधलं कळतं, असा माझ्या कचेरीत समज आहे. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करते. कुणी परदेशी जाऊन आलं, बाटली घेऊन आलं, की कंपनीच्या बसमध्ये मला फोटो दाखवून विचारतात, मॅडम, ही कशी आहे? मी फोटो मोठा करून लेबल वाचते आणि म्हणते, बरी आहे. इतक्या वर्षांत एकदाही मी म्हटलं नाही की मला यातलं काही कळत नाही.

आमच्या घरी द्राक्षं होती, वाइन नव्हती. वडिलांच्या वेळची द्राक्षं खायची, पेटीत कागद घालून बाजारात जायची. धाकट्या भावाने पुढे थोड्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली, तोवर मी लग्न होऊन चेन्नईत चांगली रुळले होते. वाइन मी एकदाच चाखली, त्याच्या आग्रहाने, आणि तोंड वाकडं करून पेला खाली ठेवला.

पण न पिताही मला सगळं ठाऊक होतं. वाइन ही दारू नव्हे. लाल वाइन हृदयाला चांगली. रक्त वाढवते, भूक लावते, झोप आणते. जितकी जुनी तितकी गुणी. आणि जरा गरम केली की तिच्यातलं मादक असेल नसेल ते उडून जातं, उरतो तो द्राक्षाचा कस. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कुणाच्या तरी मावसबहिणीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, फोनवर पुढे पाठवलेलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं. अशा गोष्टी डोक्यात पडून राहिल्या तर त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. मी त्या एका म्हाताऱ्या माणसावर वापरल्या.

ते माझे सासरे. आमचं घर चेन्नईतल्या मैलापूरचं, देवळाच्या तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. सासरची माणसं तंजावरकडची मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचीच. नवरा तमिळमध्ये विचार करतो, इंग्रजीत काम करतो आणि मराठी माझ्याशी भांडताना वापरतो, तीही तमिळच्या चालीवर. सासऱ्यांची मराठी मात्र वेगळी. आमच्याकडे पोथीतच सापडावेत असे शब्द त्यांच्या तोंडी सहज येत. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून विचारलं होतं की तुम्हा देशावरच्या लोकांनी ही भाषा इतकी पातळ का करून टाकली. मी हसले होते. पुढे सासूबाई गेल्या आणि घरात मराठी बोलणारी आम्ही दोघंच उरलो. नवरा आठवड्यातले चार दिवस बंगळुरात. मुलगी शिकायला लांब. दिवसा एक बाई सासऱ्यांच्या सोबतीला असे, ती तमिळ. संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले की ते पेपर बाजूला ठेवत आणि म्हणत, "आलीस? आतां जरा बोलूं दे मज."

ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. सोवळंओवळं पाळणारे, पण दुसऱ्यावर न लादणारे. कांदा-लसूण ते स्वतः खात नसत, आम्ही खात होतो. बाहेरचं पाणीसुद्धा ते पीत नसत. आणि खोटं बोलत नसत. मी हे कौतुकाने लिहीत नाही, त्याचा घरात त्रासच असे. दारात कुणी नकोसं माणूस आलं आणि मी आतून खूण केली की नाही म्हणून सांगा, तर ते म्हणत, "आहे, पण तुम्हांस भेटण्याची तिची इच्छा नाही."

साडेतीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, इकडच्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले. हॉस्पिटलात आठ दिवस काढून ते घरी आले ते निम्मे होऊन. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची एक गोळी सुरू झाली. ती नाजूक गोळी. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव, म्हणून दर काही दिवसांनी रक्त तपासायचं आणि डॉक्टरीणबाई त्याप्रमाणे डोस ठरवणार. घरी सोडताना त्यांनी मला बजावलं होतं की दुसरं काहीही देण्याआधी मला विचारा, मग ते घरगुती असो की आयुर्वेदिक.

आम्ही काहीच विचारलं नाही. सासरे तीस वर्षं रोज रात्रीच्या जेवणानंतर दोन चमचे द्राक्षारिष्ट घेत. ते औषध आहे असं त्यांना वाटतच नसे. ताकासारखं, जेवणाचाच भाग. मी म्हटलं, मामंजी, डॉक्टरांना सांगायला हवं. ते म्हणाले, विचारलें तर सांगेन, न विचारतां कशास सांगावें? आणि मीही विचार केला की ॲलोपॅथीवाल्यांना अरिष्ट म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, कशाला उगाच. बाटली चालू राहिली. आमच्यासारख्या किती घरांत असं चालत असेल. दोन डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता लागू द्यायचा नाही.

त्यांचं खाणं सुटलं होतं. दहीभाताचे चार घास घेऊन ते ताट सरकवत. रात्रभर जागे. माझ्याशी बोलणंही कमी झालं. मी घरी आल्यावर पेपर खाली ठेवत, पण पुढे काही नाही. मला भीती वाटू लागली. ते मरतील ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा मोठी भीती अशी की त्या घरात मी एकटी पडेन.

त्याच सुमारास माझा भाऊ तिरुपतीचं दर्शन करून परतताना आमच्याकडे दोन दिवस राहिला. निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात त्याने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या काढल्या. आपल्या द्राक्षांची, म्हणाला.

"बाटल्या घेऊन तिरुपतीला गेलास?"

"वर नाही नेल्या, ताई. खाली लॉजवर ठेवल्या होत्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्या सासऱ्यांना दे. ही दारू नव्हे. आमच्याकडे बाग बघायला मोठमोठे डॉक्टर येतात, तेच पेटी पेटी घेऊन जातात. हार्टला याच्यासारखं औषध नाही."

"मग तू का घेत नाहीस?"

"माझं हार्ट चांगलंय."

मी त्याला वेड्यात काढलं. हे घर कोणतं, ते काय पाळतात, तुला काही कळतं का, असं बरंच बोलले. तो गेला. बाटल्या मी पिठाच्या डब्यामागे ठेवून दिल्या आणि चार दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी द्राक्षारिष्ट संपलं.

इथपासून पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं ते फक्त दोघांना, आणि त्यातले एक आता नाहीत.

मी रिकामी बाटली धुतली. तपकिरी काच, वर वैद्यशाळेचं लेबल. वाइनची बाटली उघडायला घरात काही नव्हतं, म्हणून बूच चाकूने कोरून आत ढकललं. मग ती वाइन द्राक्षारिष्टाच्या बाटलीत ओतली, नीट, नरसाळं लावून, एक थेंब ओट्यावर पडू न देता. लवंग-दालचिनीचं पाणी आणि मध घातला, चव जुळावी म्हणून. हे करताना मी स्वतःशी बोलत होते. अरिष्टातही आंबवल्यामुळे थोडं मद्य असतंच. मग फरक काय? तेही द्राक्षाचं, हेही द्राक्षाचं. त्या घटकेला हा युक्तिवाद मला इतका पटला की मी जवळजवळ आनंदात होते.

त्यांनी पहिला चमचा घेतला. औषध घेण्याआधी ते नेहमी डोळे मिटून हात जोडत, तसे जोडले. मग म्हणाले, "अगो, हें निराळें लागतें."

"नाशिकहून आलंय, मामंजी. तिकडच्या द्राक्षांचं."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते अजून टोचतं. सरळ खोटं बोलले असते तर निदान तेवढं तरी स्वच्छ राहिलं असतं. नाशिक म्हणजे त्यांच्या लेखी पंचवटी. त्यांनी चमचा कपाळाला लावला आणि दुसरा मागितला.

आठवडाभरात त्यांना भूक लागू लागली. झोपही लागू लागली. ते पुन्हा बोलू लागले, माझ्या भाषेची टिंगल करू लागले. हॉस्पिटलातून येऊन तेव्हा सहा आठवडे होत आले होते. तेवढ्या दिवसांत माणूस आपसूक सावरतो हे मला पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, की मी केलं. मोठमोठ्या डॉक्टरांना जमलं नाही ते मी दोन चमच्यांत केलं. मी डोस वाढवला. कुठेतरी वाचलं होतं, रोज एक पेला. दोन चमच्यांचा अर्धा टंबलर झाला. संशय नको म्हणून मी ती वाइन पळीत अर्धा मिनिट गरम करी, म्हणजे मादक भाग जाईल. त्यांना सांगितलं की कोमट घेतल्याने लवकर लागू पडतं. त्यांनी विश्वास ठेवला. चमच्याचा टंबलर कसा झाला हेसुद्धा विचारलं नाही. माझ्या हातून येतंय म्हटल्यावर विचारायचं काय?

भावाच्या बाटल्या संपल्या तेव्हा मी स्वतः आणायला गेले. इकडे दारू सरकारच विकतं; मॉलमध्ये तसलं एक दुकान होतं, काचेचं, वातानुकूलित. ओढणी डोक्यावरून घेऊन, कुणी ओळखीचं दिसत नाही ना हे बघत. दुकानातल्या माणसाने पिशवी पुढे केली तशी मी म्हणाले की हे घरी एकांचं औषध आहे. त्याने पैसे मोजून घेतले. त्याला असं सांगणारी मी पहिली नसेन.

उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात आठ-दहा दिवस राहायची. पुढे पुढे ती इतकी आंबट व्हायची की मध वाढवावा लागे. मला वाटे, मुरतेय. चांगलंच आहे.

मार्गशीर्षात सासूबाईंचं श्राद्ध आलं. आदल्या दिवशी ते एकवेळ जेवत आणि संध्याकाळी काही घेत नसत. त्या संध्याकाळी मी टंबलर घेऊन गेले तेव्हा त्यांनी हात वर केला, आज नको. मी म्हटलं, मामंजी, औषधाला नियम नसतो. त्यांनी क्षणभर विचार केला. मग घेतलं. दुसऱ्या दिवशी पिंड देताना मी दाराशी उभी होते. माझ्या मनात काहीही आलं नाही. हे मी लिहून ठेवते आहे, कारण पुढे मला वाटू लागलं की तेव्हाही मला अपराधी वाटत होतं. नव्हतं वाटत. मी वड्यांचं पीठ भिजलं का ते बघायला आत गेले.

रक्ताचे आकडे त्याच महिन्यात हलू लागले. एका तपासणीत जास्त, डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली. पुढच्या वेळी फार कमी, पुन्हा वाढवली. मग पुन्हा जास्त. तिसऱ्या खेपेला त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघांकडे बघून इंग्रजीत विचारलं, काय बदललंय?

कारखान्यात एखादा भाग मापाबाहेर गेला की आमच्या फॉर्मवर पहिली ओळ हीच असते. काय बदललं? माल बदलला, माणूस बदलला, यंत्र बदललं, पद्धत बदलली? ती ओळ रिकामी ठेवून कुणी सही केली तर मी फॉर्म परत पाठवते. नव्या मुलांना शिकवते की उत्तर लाजिरवाणं असलं तरी लिहा, मापाबाहेरचा भाग गाडीत बसतो आणि गाडीत माणसं बसतात.

डॉक्टरीणबाई एकेक विचारत गेल्या. पालेभाज्या जास्त? नाही. तापाची गोळी, अंगदुखीची गोळी? नाही. मग जरा ओशाळून म्हणाल्या, सगळ्यांना विचारावं लागतं सर, राग मानू नका, अल्कोहोल?

सासरे आधी हसले. मग हसू थांबलं. त्यांच्या जुन्या वळणाच्या इंग्रजीत ते म्हणाले की डॉक्टर, आमच्या घराण्यात त्याला कुणी हात लावलेला नाही, माझ्या वडिलांच्या नाही आणि त्यांच्याही वडिलांच्या आठवणीत नाही. डॉक्टरीणबाई दोनदा सॉरी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही सांगा मॅडम. घरात तुम्ही बघता. नवीन काही?"

सासरे अरिष्टाचं बोलले नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते नवीन नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, किंचित दुखावलेले, मी त्यांची बाजू घेईन अशा भरवशाने.

"नवीन काही नाही," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी डोस पुन्हा बदलला.

घरी येताना रिक्षात मी ठरवलं की आजपासून बंद. संध्याकाळी त्यांनी स्वतःच टंबलर पुढे केला. आज औषध नाही असं सांगायचं तर कारण काय द्यायचं? आणि बंद केल्यावर त्यांची भूक गेली तर? झोप गेली तर? मी ओतलं. त्या संध्याकाळी मला ठाऊक होतं. त्याआधीचं सगळं अज्ञान म्हणून सोडता येईल, मला नाही पण दुसऱ्या कुणाला सोडता येईल. पण त्या संध्याकाळपासून पुढचे अठरा दिवस मी जाणूनबुजून दिलं.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ते पूजेला बसले असताना त्यांच्या नाकातून रक्त येऊ लागलं. आधी मला वाटलं, गंध सांडलं. नेसलेल्या पांढऱ्या वेष्टीवर, ताम्हनात, देवांवर. दाबून धरलं, बर्फ लावला, थांबेना. ते घाबरले नाहीत. तांब्यातल्या पाण्याने देव पुसायचा प्रयत्न करत होते आणि म्हणत होते की आधी हें आवरूं दे. सोबतीच्या बाईने खाली जाऊन रिक्षा आणली. हॉस्पिटलात नाकात पट्टी भरली, सुई दिली, रक्त तपासलं. आकडा एवढा वर गेला होता की तिथल्या तरुण डॉक्टरने तपासणी पुन्हा करायला लावली.

डॉक्टरीणबाई वॉर्डातून बाहेर आल्या तेव्हा मी व्हरांड्यात त्यांना गाठलं. मला वाटलं होतं, बोलताना रडू येईल. आलं नाही. कारखान्यात चूक नोंदवावी तसं मी सांगितलं. काय, किती, कधीपासून.

"त्यांना माहीत आहे?"

मी मान हलवली, नाही.

त्यांनी हातातल्या केसपेपरवर सगळं लिहून घेतलं. मग मी विचारलं, मला विचारायलाच हवं होतं, की मी गरम करून देत होते, तरीसुद्धा? त्या म्हणाल्या की अर्ध्या मिनिटात काय उडणार? वाइन ही दारूच आहे, द्राक्षाची असली म्हणून तिचा गुण बदलत नाही, आणि हृदयासाठी प्या असं आम्ही कुणाला सांगत नाही, जो पीत नाही त्याला तर मुळीच नाही. हे त्या रागाने बोलल्या नाहीत. रोज कुणाला तरी सांगत असाव्यात अशा थकलेल्या आवाजात बोलल्या.

"म्हणजे हे माझ्यामुळे झालं," मी म्हटलं.

"तसं मी सांगू शकत नाही. तुमच्यामुळे नाही झालं, असंही सांगू शकत नाही. या वयात लिव्हर कशी वागेल काय सांगावं. पण दोन महिने मी डोस बदलत होते ते समोर काय आहे हे न कळता. तुम्ही मला आंधळं करून ठेवलंत, मॅडम."

मला ती शिक्षा पुरेशी वाटली नाही. तुमच्यामुळे झालं असं त्या ठामपणे म्हणाल्या असत्या, तर मला ते एकदाचं उचलता आलं असतं.

सासऱ्यांना सांगायचं की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलं. इतकंच म्हणाल्या की कागदावर मला लिहावं लागेल आणि तुमचे सासरे कागद वाचणारे आहेत.

ते घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा अजून बंगळुरातच होता आणि सोबतीची बाई बाजारात गेली होती, तेव्हा मी त्यांच्या खुर्चीसमोर खाली बसले आणि सांगितलं. बाटलीपासून मॉलपर्यंत सगळं. ते खिडकीबाहेर बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, किती दिवस. मी म्हटलं, चार महिने. त्यांची बोटं मांडीवर हलली, ते मागे मोजत होते.

"हिचें श्राद्ध त्यांतच आलें?"

"हो."

"आदल्या दिवशीं मी नको म्हटलें होतें."

"हो, मामंजी."

त्यांनी खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तूं मज विचारलें असतेंस तर मी नाहीं म्हटलें असतें. म्हणून तूं विचारलें नाहींस."

मी जे काही भाबडेपणाने, काळजीपोटी, प्रेमाने केलं असं म्हणू शकले असते, ते सगळं त्यांनी त्या एका वाक्यात बाजूला करून ठेवलं. मी उठून आत गेले.

अकरा दिवस त्यांनी माझ्या हातचं काही घेतलं नाही. भात सोबतीच्या बाईकडून वाढून घेत, पाणी स्वतः उठून घेत, भिंतीला धरून. भिंतीला धरलेला तो हात मी स्वयंपाकघरातून बघायची. रागावले असते, तर मी पाय धरले असते. ते रागावले नव्हते. पेपर वाचत, गोळ्या स्वतः मोजून घेत, आणि मी घरी आले की पेपर खाली ठेवत नसत.

रविवारी नवरा घरी होता. सासऱ्यांनी त्याला बोलावलं आणि सांगितलं की वाध्यारांना निरोप धाड. वाध्यार म्हणजे आमचे भटजी. पंचगव्य घ्यायचं आहे, जानवं बदलायचं आहे, प्रायश्चित्त करायचं आहे. नवऱ्याने विचारलं, कशाबद्दल?

मी कपड्यांच्या घड्या करत होते. माझे हात थांबले. मला वाटलं, आता. आणि एका परीने सुटल्यासारखंही वाटलं.

"इस्पितळांत मज चुकून नको तें पाजलें," सासरे म्हणाले. "माझी शुद्ध नव्हती. कळलें तें मागाहून."

त्यांची शुद्ध पूर्ण होती. त्यांनी तिथल्या पाण्याला ओठ लावला नव्हता, मी घरून तांब्या नेत होते, हे मला आणि त्यांना दोघांनाही माहीत होतं. नवरा चिडला. काय पाजलं, कुणी पाजलं, मी जाऊन विचारतो. सासरे म्हणाले की मज ओरड नको, वाध्यारांस बोलाव. नवरा माझ्याकडे वळून डोळे मिचकावत तमिळमध्ये म्हणाला की अप्पांना एक दिवस सलाइनमध्येसुद्धा लसूण सापडेल. मी हसले. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दर्भ, जानवं, शेण, सगळं आणायला तळ्याजवळच्या दुकानात मलाच पाठवलं. दुकानदाराने विचारलं, घरात काय आहे? मी म्हटलं, सासऱ्यांचं काही आहे. माझ्या पापाच्या प्रायश्चित्ताचं सामान मी दुसऱ्याच्या नावावर आणत होते आणि चार पावलं पुढे गेल्यावर आठवलं, तूप राहिलं, म्हणून परत फिरले.

वाध्यारांनी त्यांना संकल्पात दोष काय ते विचारलं असणार. मी आत नव्हते. ते काय बोलले मला माहीत नाही. देवासमोर तरी ते खरं बोलले असतील अशी मी आशा धरते. त्या संध्याकाळी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, कॉफी कर. मी केली. ते प्याले. त्या विषयावर आम्ही नंतर एक शब्दही बोललो नाही. दोन वर्षं ते जगले, बऱ्यापैकी जगले, रक्ताचे आकडे नीट राहिले. भाषेवरून चेष्टा पुन्हा सुरू झाली. मी ओतून दिलेलं मात्र ते हातात घेतल्यावर आधी वास घेत. त्यांच्या नकळत होत असावं. मी पाहते आहे हे कळलं की लगेच पीत.

ते गेले त्याला आता वर्ष होईल. झोपेत गेले, हृदयानेच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की यात कुणाचा हात नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या.

वर्षश्राद्धाला वाटायला नवऱ्याने वडिलांवर दोन पानं इंग्रजीत लिहिली आहेत. तंजावरचे नातेवाईक येणार, त्यांतल्या म्हाताऱ्यांसाठी त्याला ती मराठीतही हवी आहेत. ते काम माझ्याकडे आलं. चांगलं लिहिलंय त्याने. कचेरी, पूजा, दारात आलेल्या माणसाला दिलेलं ते उत्तर, सगळं आहे. दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक वाक्य आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाही खोटं सांगितलं नाही.

तीन दिवस मी त्या वाक्यापाशी अडले आहे. ते मराठीत लिहिलं तर मी दुसऱ्यांदा त्यांना न विचारता काहीतरी पाजल्यासारखं होईल, या वेळी शंभर माणसांना. गाळलं तर नवरा विचारेल, का गाळलंस. त्या माणसाने नव्वदीच्या उंबऱ्यावर जे एक खोटं सांगितलं ते माझ्यासाठी. नवऱ्यासमोर माझं तोंड राहावं म्हणून. आणि मी ते घेतलं, घड्या करत करत, आणि त्यांच्या मुलाच्या विनोदाला हसले.

म्हणून भाषांतराच्या वहीत मी आधी हे लिहिलं. उद्या शनिवार, नवरा घरी आहे. ही पानं मी त्याच्या हातात देणार आहे आणि सांगणार आहे की आधी हे वाच, मग त्या वाक्याचं काय करायचं ते तू ठरव. त्याला देवनागरी वाचायला वेळ लागतो. ओळीवर बोट ठेवून, शब्द पुटपुटत वाचतो, मध्येच थांबून मला अर्थ विचारतो. विचारील तो प्रत्येक शब्द मी त्याला सांगेन.